डायलॉगच्या चौकटीत कोंबलेला संपादक

नोटपॅडमध्ये कंट्रोल-झेड एकदा दाबलं की शेवटचा बदल मागे जायचा, दुसऱ्यांदा दाबलं की तोच बदल परत यायचा. त्याच्या मागे जायची सोयच नव्हती. लोक नोटपॅडला नावं ठेवत, पण नोटपॅड म्हणजे विंडोजच्या ‘एडिट’ कंट्रोलला (प्रोग्रॅममध्ये बसवायच्या, मजकूर लिहायच्या तयार चौकटीला) खिडकी आणि मेनू जोडून केलेला प्रोग्रॅम. मर्यादा कंट्रोलची होती, आणि तो वापरणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ती आपोआप यायची.

असे कंट्रोल मुळात कशासाठी बनले, यातच खरी गोम आहे. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये सगळी मिळून १२८ केबी मेमरी. त्यातल्या टेक्स्टएडिट या तशाच तयार चौकटीचं (आजच्या मॅकवरचा त्याच नावाचा प्रोग्रॅम वेगळा) काम डायलॉगमध्ये, म्हणजे काही विचारायला उघडणाऱ्या छोट्या खिडकीत, चार शब्द किंवा फाइलचं नाव लिहू देणं, एवढंच. लांबी १६ बिटांच्या आकड्यात मोजायची, म्हणून कमाल ३२,७६७ अक्षरं. त्या मेमरीत तो निर्णय शहाणपणाचाच होता. पण तयार कंट्रोल हाताशी असला की त्यावर अख्खा संपादक उभा करायचा मोह कोणाला आवरतो? खुद्द ॲपललाही आवरला नाही. त्यांचा साधा संपादक सिंपलटेक्स्ट त्याच पायावर उभा होता आणि मोठी फाइल आली की हात वर करायचा. विंडोज ९५ मध्ये तेच, फक्त मर्यादा ६४ केबी. त्यापुढची फाइल असली तर नोटपॅड वर्डपॅडकडे बोट दाखवायचं.

यापेक्षा चांगलं कसं करायचं हे ठाऊक नव्हतं, असं म्हणायला जागा नाही. झेरॉक्स पार्क या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी १९७४ मध्ये ब्राव्हो हा संपादक केला. त्यात मूळ मजकुराला हात न लावता बदलांचे तुकडे वेगळे ठेवून त्यांची यादी सांभाळली जाई. अशा रचनेत मागे जाणं सोपं होतं आणि मोठ्या फाइलचं ओझं वाटत नाही. सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि वर्डमध्ये ही पद्धत आली. एडिट कंट्रोल मात्र सगळा मजकूर मेमरीत एका सलग पट्टीत ठेवत राहिला. एकाच कंपनीत दोन्ही गोष्टी, आणि बाहेरच्या प्रोग्रॅमरच्या हाती आली ती दुसरी.

जॉन ऑस्टरहाउट यांच्या टीके या, खिडक्या-बटणं बनवायच्या साधनसंचाचं टेक्स्ट विजेट (तिथे कंट्रोलला विजेट म्हणतात) हा सुखद अपवाद. रंग, फॉन्ट, खुणा, मजकुरात बसवलेली बटणं, सगळं त्यात होतं. इतकं की जीटीके या दुसऱ्या साधनसंचाचं जुनं, कटकटीचं विजेट बदलायची वेळ आली तेव्हा हॅवॉक पेनिंग्टन यांनी टीकेचंच रूप तिथे आणलं. २००२ च्या जीटीके २ मध्ये ते आलं.

आपल्यासाठी मात्र अडचण याहून खोल होती. जुने कंट्रोल एक बाइट म्हणजे एक अक्षर आणि अक्षरं डावीकडून उजवीकडे एकापुढे एक, असं गृहीत धरत. ‘कि’ मधली वेलांटी क नंतर साठवायची पण आधी दाखवायची, ‘अर्क’ मधला रफार क च्या डोक्यावर चढवायचा, ‘दऱ्या’ मधला र आडवा करायचा, हे त्यांच्या गावीही नव्हतं. म्हणून नव्वदच्या दशकात इंग्रजी अक्षरांच्या जागी काना, मात्रा, अर्धी अक्षरं बसवलेले फॉन्ट आले. कंट्रोलला वाटे इंग्रजी आहे, वाचणाऱ्याला दिसे मराठी. फॉन्ट बदलला की सगळी गिचमिड. मराठी वृत्तपत्रं आणि प्रकाशकांकडच्या कितीतरी जुन्या फाइली आजही त्यामुळेच रूपांतराशिवाय वाचता येत नाहीत.

विंडोज २००० मध्ये युनिस्क्राइब (अक्षरं जोडून नीट मांडणारा विंडोजचा भाग) आणि मंगल फॉन्टसह देवनागरी आली. तरी व्हिज्युअल बेसिक ६ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या साध्या टेक्स्टबॉक्समध्ये युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना वेगळे क्रमांक देणारी पद्धत) मराठी टाकली की प्रश्नचिन्हांची रांग, कारण ती भाषा आतून युनिकोड असली तरी तिचे कंट्रोल नव्हते. एक्सपीमध्ये तर देवनागरीसाठी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन वेगळी खूण करावी लागे.

वैतागून लोकांनी स्वतःचे कंट्रोल लिहिले. नील हॉजसन यांचं सिंटिला हे असंच एक, १९९९ चं. नोटपॅड++ त्यावर चालतं. वेबवर टेक्स्टएरिया या ब्राउझरच्या साध्या चौकटीत रंग नाही, कंटेंटएडिटेबल या ब्राउझरच्याच दुसऱ्या सोयीचा भरवसा नाही, म्हणून कोडमिरर आणि मोनॅको हे वेगळे लिहिलेले संपादक. गूगल डॉक्सने २०१० मध्ये ब्राउझरचं संपादन सोडून मांडणी स्वतःच करायला घेतली आणि २०२१ मध्ये मजकुराचं चित्र कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरच्या कोऱ्या पाटीवर, काढायचं ठरवलं. पण स्वतः चित्र काढायचं म्हणजे कर्सर, निवड, मराठी कळफलकाची जुळणी, अंधांसाठीचे स्क्रीन रीडर, सगळंच पुन्हा बांधायचं. घाईत लिहिलेल्या अशा कंट्रोलमध्ये पहिली तुटतात ती जोडाक्षरं, आणि लिहिणाऱ्याला ते महिनोन्‌महिने कळतही नाही, कारण तो इंग्रजीतच तपासत असतो.

नोटपॅडला एकाहून अधिक पायऱ्या मागे जाता येऊ लागलं ते विंडोज ११ मध्ये, आणि तेही एडिट कंट्रोल सोडून रिचएडिट हा विंडोजचा दुसरा, अधिक समर्थ कंट्रोल घेतल्यावर.