यान, ओटो

यान, ओटो : (१६ जून १८१३–९ सप्टेंबर १८६९). जर्मन अभिजात पुरातत्त्वज्ञ, ग्रीक-लॅटिन ग्रंथांचा पाठचिकित्सक आणि मोट्सार्टचा चरित्रकार. जन्म कील येथे. शिक्षण कील, लाइपसिक व बर्लिन येथे झाले. लाइपसिकचा गोटफ्रीट हेरमान आणि बर्लिनचा आउगुस्ट ब्यॉक या त्याच्या दोन गुरूंमध्ये मोठा वाद होता. प्राचीन जग समजून घ्यायचे ते भाषेतून, असे हेरमानचे मत होते. ब्यॉक शिलालेख, नाणी, हिशेब, संस्था असे सर्वच अवशेष जमेस धरी. यानने या वादात बाजू घेतली नाही. बर्लिनमधील कार्ल लाखमानकडून घेतलेली पाठचिकित्सेची (हस्तलिखिते ताडून मूळ पाठ ठरविण्याची) शिस्त त्याने मडक्यांवरील चित्रांनाही लावली. त्याच्या कार्याचे खरे वेगळेपण येथे आहे.

पॅरिस व इटलीचा प्रवास करून १८३९ मध्ये तो कील येथे शिकवू लागला. तेथे रोमचा पुढील काळातील इतिहासकार टेओडोर मॉमसेन त्याचा विद्यार्थी होता. पुढे ग्राइफ्सवाल्ट (१८४२) व लाइपसिक (१८४७) येथे त्याने अध्यापन केले. १८४८-४९ च्या राजकीय चळवळीत भाग घेतल्याबद्दल तेथील सहकारी मॉमसेन व मोरित्स हाउप्ट आणि यान या तिघांनाही १८५१ मध्ये लाइपसिकमधून बडतर्फ करण्यात आले. नोकरी नसलेल्या या चार-पाच वर्षांत त्याची सर्वांत टिकाऊ कामे आकारास आली.

रंगीत मृत्पात्रांच्या उगमाचा वाद : इटलीतील एट्रुरिया प्रदेशातील थडग्यांत सापडणारी चित्रित मृत्पात्रे अठराव्या शतकात सर्रास ‘एट्रुस्कन’ (त्या प्रदेशातील प्राचीन लोकांची) म्हणून ओळखली जात. ती ग्रीक असावीत, असे कलेतिहासकार विंकेलमानसह काहींनी सुचविले होते. १८२८ नंतर एट्रुरियातील व्हुल्ची येथील उत्खननांत हजारो पात्रे बाहेर आली, तेव्हा हा प्रश्न पुन्हा पेटला. या भूमीचा एक मालक ल्युस्यँ बोनापार्त ती एट्रुस्कनच मानीत असे. जर्मन पुरातत्त्वज्ञ एडुआर्ट गेरहार्टने १८३१ च्या आपल्या अहवालात ती ग्रीक ठरविली. मात्र त्यांपैकी काही व्हुल्चीत स्थायिक झालेल्या ग्रीक कारागिरांनी घडविली असावीत, अशी शक्यता त्याने मोकळी ठेवली. गुस्टाफ क्रामरने १८३७ मध्ये अथेन्सकडे बोट दाखविले.

बव्हेरियाचा राजा लुडविग याच्या म्यूनिकमधील संग्रहाची यानने तयार केलेली सूची १८५४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची प्रस्तावनाच दोनशेहून अधिक पानांची आहे. त्यापूर्वीची सर्व मते तपासून, पात्रांवरील लेखांची लिपी व बोली यांच्या आधारे, बहुसंख्य पात्रे अथेन्समध्ये घडून समुद्रमार्गे इटलीत आली, असा निष्कर्ष त्याने काढला. या युक्तिवादाचे बळ म्यूनिकमधील, युथिमिडीझ या चित्रकाराच्या रांजणावर पाहता येते. व्हुल्चीत मिळालेल्या या पात्रावर नाचणाऱ्या तीन पुरुषांशेजारी चित्रकाराने स्पर्धकाला डिवचणारे शब्द रंगविले आहेत : ‘असे युफ्रोनिऑसला कधीच जमले नाही’. त्यातील ‘होस’ (असे) हा शब्द तीन अक्षरांत लिहिला आहे. ‘एटा’ हे ग्रीक अक्षर तेथे ‘ह्’ या उच्चारासाठी आले आहे आणि दीर्घ ‘ओ’साठी स्वतंत्र अक्षर नाही. आयोनियन (पूर्वेकडील ग्रीकांची) लिपी इ. स. पू. ४०३ च्या सुमारास अथेन्समध्ये अधिकृत होण्यापूर्वीची ही अथेन्सची लेखनपद्धती होय. एट्रुस्कन कुंभाराला ती सुचण्याचे कारण दिसत नाही.

हाइन्रिख ब्रुनने १८७१ मध्ये, म्हणजे यानच्या मृत्यूनंतर, यातील पुष्कळशी पात्रे जुन्या शैलीची उत्तरकालीन नक्कल असल्याचे मांडले. ते मत टिकले नाही. कालनिश्चितीत मात्र फेरफार करावे लागले. १८८० नंतरच्या दशकात अथेन्सच्या अक्रॉपलिसवर, इराणी विध्वंसानंतर (इ. स. पू. ४८०) पुरलेल्या ढिगाऱ्यात तांबड्या आकृत्यांची पात्रे सापडली. त्यामुळे त्या शैलीचा आरंभ पूर्वी समजला जात होता त्याहून मागे गेला.

अन्य लेखन : रोमन उपरोधकवी पर्सियस याची आवृत्ती (१८४३) प्राचीन टीकांसह आहे. लॅटिन हस्तलिखितांच्या शेवटी येणाऱ्या पुष्पिका (समाप्तीच्या नोंदी) एकत्र करून प्राचीन काळी ग्रंथ कोणी व कसे तपासून दुरुस्त केले, हे त्याने १८५१ च्या निबंधात दाखविले. पोथ्यांवर काम करणाऱ्या आपल्याकडील अभ्यासकांना या निबंधाचे मोल सांगावयास नको. दृष्ट लागण्याच्या ग्रीक-रोमन समजुतीवरील निबंध (१८५५) हा बहुधा त्याचा सर्वांत वाचनीय लेख. ताईत, बोटांच्या मुद्रा आणि विंचू-सापांनी घेरलेला डोळा कोरलेले शिल्प यांचे अर्थ त्याने ग्रंथांतील उताऱ्यांशी ताडून लावले. दृष्ट काढणे ज्यांनी घरी पाहिले आहे, त्यांना यातील बरेच ओळखीचे वाटेल.

मोट्सार्टचे चार खंडांतील चरित्र (१८५६–५९) याच पद्धतीने लिहिलेले आहे. पत्रे व स्वरलिपीची हस्तलिखिते यांची छाननी करून त्याने आख्यायिका बाजूला काढल्या. ल्युडव्हिख फोन क्योखेलने आपली मोट्सार्ट-रचनासूची (१८६२) यानला अर्पण केली. बेटहोव्हनविषयी त्याने जमविलेले साहित्य अमेरिकन चरित्रकार थेयरच्या उपयोगी पडले.

बॉन येथे (१८५५ पासून) तो पुरातत्त्वाचा प्राध्यापक व तेथील कलासंग्रहालयाचा संचालक होता. हेरमान झाउपे या अभिजात भाषांच्या अभ्यासकाला बॉनला आणण्याचा प्रयत्न त्याने सहकारी फ्रीड्रिख रिचल याला न कळवता केला. त्यातून भडकलेल्या भांडणात रिचल १८६५ मध्ये लाइपसिकला निघून गेला. त्याचा विद्यार्थी, पुढील काळातील तत्त्वज्ञ नीत्शे, त्याच्यामागोमाग गेला. या प्रकरणात पुढील लेखकांनी आपापल्या गुरूची बाजू उचलली आहे. प्रारंभीचा लपवाछपवीचा दोष यानकडे जातो, असे मानणे अधिक न्याय्य दिसते. ग्रीक विद्येचा पुढील काळातील अभ्यासक व्हिलामोव्हित्स हा बॉनमधील यानचा विद्यार्थी. नीत्शेने शोकांतिकेच्या उगमावरील पुस्तकात (१८७२) यानचे नाव घेऊन टीका केली, आणि त्या पुस्तकावर तुटून पडणारा पहिला अभ्यासक व्हिलामोव्हित्सच होता.

गेरहार्टच्या मृत्यूनंतर त्याच्या जागी येण्यासाठी यानला बर्लिनहून बोलावणे आले, पण प्रकृती खालावली होती. गटिंगेन येथे तो निधन पावला. ग्रीक चित्रपट्टांवरील (कथाचित्रे कोरलेल्या फलकांवरील) त्याचा अपुरा ग्रंथ भाचा आडोल्फ मिखाएलिस याने १८७३ मध्ये प्रसिद्ध केला.