जबड्यातल्या बोन ग्राफ्टची ताकद : मेगापास्कलच्या आकड्यामागचा इतिहास

बोन ग्राफ्टच्या, म्हणजे हाडातली तूट भरायच्या तुकड्याच्या किंवा पदार्थाच्या, माहितीत दाब सहन करण्याची क्षमता मेगापास्कल या दाबाच्या एककात दिलेली दिसली, की आकडा जितका मोठा तितका माल चांगला असे वाटून जाते. जबड्याने हा समज हळूहळू खोटा पाडला.

१८९२ मध्ये जर्मन शल्यविशारद ड्रीसमन यांनी हाडातल्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्या. शरीराने ते निमूटपणे स्वीकारले, पण प्लास्टर काही आठवड्यांत विरघळते आणि नवे हाड तेवढ्या घाईने येत नाही. पुढे पहिल्या महायुद्धात चेहऱ्याला आणि जबड्याला गोळ्या लागलेले सैनिक मोठ्या संख्येने येऊ लागले. तेव्हा रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून जबड्यात बसवण्याची पद्धत रुळली. आजही प्रत्येक पर्यायी पदार्थाची तुलना याच हाडाशी होते. मात्र त्यासाठी दुसरी जखम करावी लागते, आणि कित्येकांना जबड्यापेक्षा कंबरच जास्त दिवस दुखते.

१९७० च्या दशकात हायड्रॉक्सिअपटाइटचे सिरॅमिक आले. हाडातल्या खनिजाशी त्याची रचना जवळपास जुळते. घट्ट भाजलेला ठोकळा ४०० मेगापास्कलहून अधिक दाब सोसतो. हाडाचे टणक बाहेरचे कवच साधारण १०० ते २०० पर्यंत. कागदावर सिरॅमिक जिंकले होते.

पण खालचा जबडा नुसता दाबला जात नाही, तो वाकतो. दाढेखाली घास आला की हाडाची एक कड ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. ताण सोसणे हीच सिरॅमिकची दुबळी बाजू. स्क्रूसाठी पाडलेल्या भोकाच्या कडेला केसाएवढी चीर असली तरी ती चावण्याच्या प्रत्येक फेरीत थोडी पुढे सरकू शकते. हाडात कोलॅजन या प्रथिनाचे धागे असतात, ते अशी चीर अडवतात. सिरॅमिकमध्ये तिला अडवणारे कोणी नाही. शिवाय हा ठोकळा हाडापेक्षा कितीतरी ताठ. भार तोच उचलतो आणि शेजारचे हाड रिकामे बसते. भार नसलेले हाड झिजते, हे जर्मन शल्यविशारद यूलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडले होते, म्हणजे ड्रीसमन यांच्या प्रयोगाच्याच वर्षी! कवळीसाठी हिरडीखालचे झिजलेले हाड उंचावायला याच पदार्थाचे दाणे भरले जात, तिथे वेगळीच अडचण आली: दाणे जागा सोडून सरकत.

नवे हाड आत शिरायचे तर सुमारे १०० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठी, एकमेकांना जोडलेली छिद्रे हवीत. छिद्रे वाढली की ताकद कोसळते. १९७४ मध्ये रॉय आणि लिनेहन या संशोधकांनी समुद्री प्रवाळाची सच्छिद्र रचना तशीच राखून त्याचे हायड्रॉक्सिअपटाइट केले. रचना सुरेख, पण वाकवले की मोडणारी. संशोधक लॅरी हेंच यांची १९६९ ची बायोग्लास ही खास काच हाडाला इतकी घट्ट चिकटली की ओढून निघेना. काच स्वतः मात्र काचच राहिली.

मला खरे वळण वाटते ते अमेरिकन शल्यविशारद मार्शल युरिस्ट यांच्या १९६५ च्या शोधनिबंधाचे. खनिज काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवले तरी तिथे नवे हाड तयार होते, असे त्यांनी दाखवले. जवळपास काहीच ताकद नसलेला पदार्थ हाड घडवू शकतो म्हटल्यावर भराव मजबूत असलाच पाहिजे हा आग्रह ढिला पडणे साहजिक होते.

मग कामाची वाटणी झाली. दात काढल्यावरच्या खड्ड्यासारख्या लहान दोषात भोवतालच्या भिंती भार घेतात, म्हणून दाणेदार भराव पुरतो. जबड्याचा सलग तुकडाच गेला असेल तर टायटॅनियमची प्लेट आणि रुग्णाच्याच पायातले फिब्युला हाड रक्तवाहिन्यांसकट; ही शस्त्रक्रिया शल्यविशारद हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. प्लेटही कायमची नव्हे. मागे हाड जुळले नाही, तर वर्षानुवर्षांच्या चावण्याने धातू थकतो आणि प्लेट तुटू शकते.

थ्री-डी प्रिंटिंगने रुग्णाच्या मापाचे, आत हाड वाढू देणारे आणि पुढे विरघळणारे सच्छिद्र साचे करता येऊ लागल्यावर ताकदीचा प्रश्न पुन्हा पुढे आला, पण बदललेल्या रूपात. साचा विरघळताना दुबळा होत जातो आणि हाड हळूहळू बळकट होते. मधल्या काळात दोघांची मिळून ताकद किती उरते? म्हणून प्रयोगशाळेत कोरडा नमुना एकदाच चिरडून भागत नाही. तो शरीरद्रवासारख्या द्रावणात आठवडे भिजवून, चावण्यासारखा भार पुन्हा पुन्हा देऊन तपासावा लागतो.