मॉन्टेरे बे मत्स्यालय: पांढऱ्या शार्कचा वाद आणि त्यामागची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मराठी घरात भारतातून आई-बाबा आले की मॉन्टेरेच्या मत्स्यालयाची एक चक्कर ठरलेलीच. आपण ज्या इमारतीत शिरतो, तिथे पूर्वी तारली डबाबंद करण्याचा कारखाना होता. त्याआधी या किनाऱ्यावर मूळ रहिवासी होते, नंतर चिनी कोळी आले. त्यांची वस्ती १९०६ मध्ये जळाली. बेसुमार मासेमारी झाली, समुद्राचं मानही बदललं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तारली जवळपास संपली. इथला शेवटचा कारखाना १९७३ मध्ये बंद पडला. त्याच जागेवर एका उद्योजक दाम्पत्याच्या साडेपाच कोटी डॉलरच्या देणगीतून २० ऑक्टोबर १९८४ रोजी मत्स्यालय सुरू झालं.

टाक्यांत पाणी समोरच्याच उपसागराचं. दिवसा ते गाळून घेतात, म्हणजे काचेतून स्पष्ट दिसतं. रात्री मात्र न गाळताच सोडतात, म्हणजे आतल्या जिवांना समुद्रातलं बारीक खाद्य मिळतं. २८ फूट उंचीच्या टाकीत केल्पचं, म्हणजे उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाचं, जिवंत जंगल वाढतं ते यामुळे, वरून येणाऱ्या उन्हामुळे आणि यंत्राने उठवलेल्या लाटांमुळे.

२००४ चा निर्णय मात्र समोरच्याच उपसागरावर बेतलेल्या या स्थानिक वळणापासून दूर गेला. दक्षिण कॅलिफोर्नियात मासेमारीच्या जाळ्यात चुकून सापडलेली ग्रेट व्हाइट, म्हणजेच पांढऱ्या, शार्कची पिल्लू मादी सप्टेंबरमध्ये इथल्या सुमारे ३८ लाख लिटरच्या टाकीत आणली गेली. तोवर हा मासा कुठल्याही मत्स्यालयात तीन आठवडेही टिकला नव्हता. ही १९८ दिवस राहिली, २८ किलोंवरून ७३ किलोंवर गेली. बघायला रांगा लागल्या. तिने टाकीतल्या सूपफिन नावाच्या दुसऱ्या जातीच्या दोन शार्कना मारलं, तेव्हा मार्च २००५ मध्ये तिला खूणयंत्र लावून समुद्रात सोडलं.

समर्थकांचं म्हणणं, ज्याची फक्त भीती होती त्या माशाबद्दल लोकांना आपुलकी वाटू लागली, संशोधनालाही पैसा मिळाला. दोन्ही खरं आहे. टीकाकार भिंतीला घासून सोललेल्या नाकाकडे बोट दाखवत. शेकडो मैल पोहणाऱ्या प्राण्याला कुठलीही टाकी अपुरीच, हा त्यांचा मुद्दा मला जास्त वजनदार वाटतो. तरीही २०११ पर्यंत असे सहा शार्क ठेवले गेले. शेवटचा सोडल्यावर लगेचच मेला आणि त्यानंतर एकही आणला गेला नाही.

पाणमांजरांचं काम त्या मानाने गाजावाजाविना झालं. आईपासून ताटातूट झालेली पिल्लं २००२ पासून मत्स्यालयातल्याच माद्यांकडे वाढवायला दिली जातात. माणसाची सवय लागू नये म्हणून कर्मचारी काळा झगा आणि वेल्डिंगचा मुखवटा घालून त्यांना हाताळतात. जवळच्या एल्कहॉर्न खाडीत पंधरा वर्षांत पाणमांजरांची जी वाढ झाली, तिच्यातला निम्म्याहून अधिक वाटा अशा पिल्लांचा आणि त्यांच्या संततीचा होता, असं २०१९ च्या अभ्यासात दिसलं.