पार्श्वभूमी : स्लॅलम बोटीचं माप जाडीत का असतं?

स्लॅलम म्हणजे खळाळत्या पाण्यात, वरून टांगलेल्या दांड्यांच्या ‘गेट’मधून बोट वल्हवत नेण्याची शर्यत. तिची बोट निवडताना लांबी-रुंदी विचारण्यात फारसा अर्थ नसतो. के-1 (बसून वल्हवायची एकट्याची कयाक) असो वा सी-1 (गुडघ्यांवर बसून वल्हवायची एकट्याची कनू), बहुतेक सगळ्या बोटी 3.50 मीटर लांब आणि 60 सेंटिमीटर रुंद असतात. नियमाने किमान माप तेवढंच ठेवलंय, आणि त्याहून मोठी बोट वळायला जड. मग 55 किलोच्या मुलीची बोट आणि 80 किलोच्या गड्याची बोट यांत फरक कुठे? जाडीत, म्हणजे तळ आणि डेक (बोटीचा वरचा पृष्ठभाग) यांच्यामधल्या अंतरात.

हा खेळ 1933 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सुरू झाला. 1949 मध्ये जिनिव्हाला पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेल्या घडीच्या बोटीही शर्यतीत असत. सांगाडा देईल तो आकार. फायबरग्लास आलं आणि साचा बदलून आकार बदलता येऊ लागला.

खरी उलथापालथ केली ती वॉशिंग्टनच्या सी-1 वाल्यांनी, जॉन लुगबिल आणि डेव्ही हर्न यांनी. गेटचे दांडे पाण्याच्या जरा वर लोंबकळत असतात; स्पर्श झाला तर आज 2 सेकंद दंड, गेट चुकलं तर 50. डेक चपटा केला की बोटीचं टोक दांड्याखालून निसटतं. शिवाय मागचं टोक पाण्यात दाबून नाळ, म्हणजे पुढचं टोक, उचलता येते आणि बोट जागच्या जागी फिरते. लुगबिल 1979 मध्ये जगज्जेता झाला, पुढे आणखी चारदा. चपट्या बोटींवर नाकं मुरडणाऱ्यांनीही मग डेक खाली आणले.

तोवर लांबी मात्र 4 मीटर होती, त्यामुळे दहा-पंधरा किलोंचा फरक बोट पोटात घालत असे. 2005 पासून किमान लांबी अर्ध्या मीटरने घटली आणि ही सवलत संपली. हिशेब सोपा आहे. पाण्याला टेकलेला भाग सव्वा चौरस मीटर धरला, तर दर 10 किलोंमागे बोट 8 मिलिमीटर खाली बसते. 60 आणि 80 किलोंमधला फरक झाला 16 मिलिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतो, पण मागचं टोक मुळात काही सेंटिमीटरच जाड असतं! म्हणून कारखाने आता एकच मॉडेल वजनगटांप्रमाणे वेगवेगळ्या जाडीत काढतात. स्त्रियांची सी-1 टोकियो ऑलिंपिकमध्ये आली, आणि सडपातळ खेळाडूंसाठीच्या सी-1 ची गरज आणखी ठळक झाली.

बोट लहान पडली की मागचं टोक न दाबताच बुडतं, लाटेत नाळ घुसते आणि आडव्या प्रवाहात कड अडकून बोट उलटू पाहते. मोठी पडली तर हलक्या खेळाडूला टोक दाबताच येत नाही. लाल दांड्यांच्या, म्हणजे प्रवाहाविरुद्ध घ्यायच्या गेटला वळण रुंद जातं आणि उंच डेक दांड्याला घासतो. ‘पोरगं वाढतंय, एक माप मोठीच घेऊ’ हा शाळेच्या बुटांचा न्याय इथे महागात पडतो.

वजन मोजायचं ते ओल्या कपड्यांसकट, हेल्मेट आणि लाइफ जॅकेट घालून. के-1 मध्ये पावलंही बघावीत. चपट्या डेकखाली 44 नंबरचा पाय मावेलच असं नाही. सी-1 मध्ये गुडघ्यांवर बसायचं असल्याने भार वर असतो, म्हणून सीटची उंची सेंटिमीटरभर बदलली तरी तोल बदलतो.

मध्य प्रदेशात महेश्वरला नर्मदेवर असलेल्या सहस्रधारेसारख्या खडकाळ पात्रात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. दाबलेलं टोक दगडावर आपटतं आणि निव्वळ कार्बनला तडा जातो. तिथे केवलार (चिवट कृत्रिम धागा) मिसळलेली बोट बरी.

शेवटी बोट संथ पाण्यात सोडायची, सीट पक्की न करता. आत बसून वल्हं आडवं धरून स्थिर राहायचं आणि काठावरच्या माणसाने दोन्ही टोकं बघायची. मागचं बुडत असेल तर सीट सेंटिमीटरभर पुढे, नाळ बुडत असेल तर मागे. दोन्ही टोकं एकदम पाण्याखाली जात असतील तर सीट हलवून उपयोग नाही, माप वरचं घ्यावं.