‘कॅमेरा वर्क’चं पान फ्रेम करायला देताना

अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांनी १९०३ ते १९१७ या काळात न्यूयॉर्कहून ‘कॅमेरा वर्क’ हे त्रैमासिक काढलं. त्यातलं सुटं पान हाती आलं तर एवढं लक्षात ठेवा: तो फोटो नाही, छपाई आहे. बहुतेक चित्रं फोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीची, म्हणजे तांब्याचा पत्रा आम्लासारख्या द्रावणाने कोरून, त्या खळग्यांत शाई भरून कागदावर दाबलेली. त्यामुळे चांदीच्या फोटोसारखं चित्र विटत नाही. बिघडतो तो कागद.

आधी दहा पटींचं भिंग लावून पाहा. ग्रॅव्ह्युअरमध्ये पत्र्यावर टाकलेल्या राळेच्या भुकटीमुळे उमटलेले बारीक, वेडेवाकडे कण दिसतात. ठिपक्यांच्या सरळ रांगा दिसल्या तर बहुधा नंतरच्या पुस्तकातलं पान आहे. बहुधाच, कारण मूळ अंकांतही काही चित्रं हाफटोनने, म्हणजे अशा ठिपक्यांनीच, छापली आहेत. १९०८च्या २२व्या अंकातली छायाचित्रकार एडवर्ड स्टायकन यांची रंगीत चित्रं तशीच.

काही चित्रं पातळ जपानी कागदावर छापून, फक्त कडेला चिकटवून, रंगीत कागदावर बसवलेली असतात. ती सोडवू नका, आम्हा फ्रेम करणाऱ्यांनाही सोडवायला सांगू नका. मागचा रंगीत कागद हा मांडणीचाच भाग आहे.

आम्ही पान बोर्डाला सपाट चिकटवत नाही. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोनच पट्ट्या लावतो, त्याही मागच्या जाड कागदाला. खळ गव्हाच्या स्टार्चची: एक भाग स्टार्च, चार-पाच भाग पाणी, पारदर्शक होईपर्यंत मंद आचेवर ढवळून, गार झाल्यावर गाळलेली. खळ पातळ राहिली तर ओल कागदात शिरते आणि पानाला लाटा येतात. सेलोटेपचा डिंक तर कागदात मुरून पिवळा डाग सोडतो; तो पुरता जात नाही. चित्राभोवतीचं खिडकीसारखं कापलेलं माउंट आम्लरहित बोर्डाचं असतं; त्याच्या जाडीमुळे काच चित्राला टेकत नाही.

घाई नसेल तर पान पावसाळ्यात देऊ नका. ओलसर कागद फ्रेममध्ये बंद केला की दमट हवा आतच कोंडते. आर्द्रता ६५ टक्क्यांवर राहिली तर बुरशी धरते. शिवाय खळ आणि कागद हे कसरीचं आवडतं खाणं. घराच्या बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर आतून टांगायचंच असेल तर फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावून घ्या, हवा खेळेल. उन्हाची तिरीप पडते ती भिंत नकोच.