पांढऱ्या संगमरवरातला निळा कण

प्राचीन ग्रीक शिल्प म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शुभ्र, नितळ संगमरवर उभा राहतो. वस्तुतः ही शिल्पे घडली तेव्हा रंगवलेली होती. ओठ, केस, बुबुळे, वस्त्रांचे काठ, पार्श्वभूमी असे बरेच काही रंगांत होते. ऊन, पाऊस आणि जमिनीतला ओलावा यांनी रंग झडला, आणि उरलेल्या दगडालाच पुढच्या पिढ्यांनी मूळ कलाकृती मानले. अठराव्या शतकात योहान विंकेलमान यांच्यासारख्या प्रभावी कलाभ्यासकाने या पांढरेपणाची आदर्श सौंदर्याशी सांगड घातल्यावर हा समज इतका पक्का झाला की १९३७-३८ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉन या अथेन्समधील प्राचीन मंदिराची काही शिल्पे अधिक पांढरी दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी खरवडण्यात आली. २००३ मध्ये म्युनिकमध्ये अशा शिल्पांच्या रंगीत प्रतिकृतींचे प्रदर्शन भरले आणि पुढे ते अनेक शहरांत फिरले. अशा प्रतिकृती पाहून ‘किती भडक!’ असे म्हणणारे आजही पुष्कळ भेटतात.

शिल्प रंगीत होते हे सिद्ध कसे करायचे, हा प्रश्न मला त्या वादापेक्षा अधिक रंजक वाटतो. कारण त्याचे एक उत्तर तांब्याच्या एका आयनात, म्हणजे विद्युतभारित अणूत, दडलेले आहे.

त्यासाठी आधी इजिप्तला जावे लागेल. तिथल्या धर्मकल्पनेत देवांची काया सोन्याची आणि केस राजावर्ताचे असत. राजावर्त, म्हणजेच लाजवर्द, हा गडद निळा दगड आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानच्या डोंगरांतून तिथवर येई. साहजिकच तो दुर्मिळ आणि महाग होता. त्याला पर्याय म्हणून सुमारे ५,००० वर्षांपूर्वी इजिप्तच्या कारागिरांनी वाळू, चुनखडी, तांब्याचे खनिज आणि थोडा क्षार एकत्र करून ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास कित्येक तास भाजले आणि एक निळे रंगद्रव्य मिळवले. माणसाने कृत्रिमरीत्या बनवलेल्या सर्वांत जुन्या रंगद्रव्यांत या ‘इजिप्शियन निळ्या’ची गणना होते. त्यांच्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थच ‘बनवलेला राजावर्त’ असा होता. तुतनखामून या इजिप्शियन राजाच्या सोन्याच्या मुखवट्यात भुवया आणि पापण्यांच्या कडा खऱ्या राजावर्ताच्या आहेत, पण शिरोवस्त्रावरचे निळे पट्टे मात्र काचेचे आहेत. नकली म्हणून त्या काचेला कमी लेखल्याचे दिसत नाही. श्रद्धेला निळा रंग हवा होता, तो खाणीतून येवो की भट्टीतून.

युरोपात रोमन साम्राज्याच्या अस्तानंतर हे रंगद्रव्य जवळजवळ वापरातून गेले आणि मध्ययुगीन चित्रकार पुन्हा बदख्शानच्या दगडाकडे वळले. १४८५ मध्ये फ्लॉरेन्सच्या गिरलांदायो या चित्रकाराशी झालेल्या करारात निळा रंग औंसाला सुमारे चार फ्लोरिन (फ्लॉरेन्सची सोन्याची नाणी) किमतीचा असावा, असे स्पष्ट लिहिलेले आहे. कुमारी मेरीच्या निळ्या झग्याकडे पाहणाऱ्या भाविकाला त्या रंगाची किंमतही कळत असे, आणि कळावी अशीच देणगीदाराची इच्छा असे.

आता त्या तांब्याच्या आयनाकडे वळू. इजिप्शियन निळा म्हणजे कॅल्शियम, तांबे आणि सिलिका यांचे स्फटिकरूप संयुग. यातला प्रत्येक तांब्याचा आयन एकाच प्रतलातील चार ऑक्सिजन अणूंच्या चौकोनात मधोमध बसलेला असतो. या आयनाच्या बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉनांसाठी पाच कक्षके, म्हणजे त्यांच्या वावराचे ठरावीक प्रदेश, असतात. त्यांत दहा इलेक्ट्रॉन मावतात, पण असतात नऊच. म्हणजे एक जागा रिकामी राहते. आयन एकटा असता तर पाचही कक्षकांची ऊर्जा सारखी असती. पण ज्या कक्षकाची टोके थेट ऑक्सिजनांकडे रोखलेली असतात, त्यातल्या इलेक्ट्रॉनांना ऑक्सिजनांचे प्रतिकर्षण सर्वाधिक जाणवते. त्यामुळे त्या कक्षकाची ऊर्जा वर ढकलली जाते, इतर चार वेगवेगळ्या पातळ्यांवर खाली राहतात आणि रिकामी जागा सर्वांत वरच्या कक्षकात जाते. प्रकाश पडला की खालच्या पातळीवरचा इलेक्ट्रॉन त्या जागेत उडी मारतो. या उड्यांसाठी लागणारी ऊर्जा हिरव्या, नारिंगी-लाल आणि लालच्या पलीकडच्या प्रकाशात असते. तो प्रकाश शोषला जातो, निळा परत फिरतो आणि आपल्याला रंगद्रव्य निळे दिसते.

गंमत पुढे आहे. चौकोनाच्या सममितीमुळे या उड्या पुंजयामिकीच्या, म्हणजे अणूंच्या पातळीवरच्या भौतिकशास्त्राच्या, नियमांनुसार खरे तर निषिद्ध असतात. स्फटिकातले अणू सतत कंप पावत असल्याने ती सममिती क्षणभर बिघडते आणि तेवढ्या फटीतून उडी साधते. परतीच्या वाटेवरही हीच अडचण येते. उत्तेजित इलेक्ट्रॉन आधी उत्तेजित पातळ्यांपैकी सर्वांत खालच्या पातळीवर येतो, तिथे सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका थांबतो आणि मग ९१० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त, म्हणजे लालच्या पलीकडचा, प्रकाश सोडतो. हा काळ आपल्याला नगण्य वाटला, तरी नेहमीच्या चमकणाऱ्या सेंद्रिय रंगांच्या मानाने तो हजारो पट मोठा आहे. इतक्या वेळात बहुतेक पदार्थांतली ऊर्जा उष्णता होऊन विरून जाते. अझुराइट या तांब्याच्याच निळ्या खनिजाकडून अशी दीप्ती मिळत नाही, आणि राजावर्ताकडूनही नाही. इजिप्शियन निळ्यात मात्र सिलिकेटच्या ताठ सांगाड्यात तांब्याचे आयन एकमेकांपासून दूर जखडलेले असतात, आणि शोषलेल्या दर दहा प्रकाशकणांमागे साधारण एक अवरक्त रूपात बाहेर पडतो. ही दीप्ती डोळ्यांना दिसत नाही आणि दिवा बंद केला की सेकंदाच्या हजाराव्या भागात विझते. तेव्हा हिला ‘प्राचीनांना ठाऊक असलेली गूढ ऊर्जा’ म्हणण्याचा मोह कोणालाही होऊ नये. त्या कारागिरांना निळा रंग हवा होता आणि तो त्यांनी कौशल्याने मिळवला. त्यांच्या हुशारीला एवढा पुरावा पुरेसा आहे.

तपासणीची रीत साधी आहे. डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकाला दृश्य प्रकाशालगतचे अवरक्त किरण जाणवतात, म्हणून उत्पादक त्यावर ते अडवणारी काच बसवतात. ती काढायची, भिंगासमोर दृश्य प्रकाश अडवणारी काच लावायची, अंधाऱ्या खोलीत शिल्पावर लाल दिव्याचा झोत टाकायचा आणि छायाचित्र घ्यायचे. त्यात संगमरवर काळपट येतो आणि इजिप्शियन निळ्याचे कण काळ्या आभाळातल्या चांदण्यांसारखे पांढरे चमकतात. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एकेक कणही असा सापडतो, आणि शिल्पाचा टवका काढावा लागत नाही.

या पद्धतीने २००९ मध्ये पार्थेनॉनच्या पश्चिमेकडील त्रिकोणी दर्शनी भागातल्या आयरिस या ग्रीक देवांच्या निरोप्या देवीच्या कमरपट्ट्यावर इजिप्शियन निळा सापडला. हे मंदिर इसवी सनपूर्व ४४७ ते ४३२ या काळात उभे राहिले. ज्या दगडाला आपण निर्मळ पांढऱ्या सौंदर्याचा नमुना समजत होतो, त्यावर इजिप्तच्या देवांसाठी शोधलेला रंग निघाला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या आणखी शिल्पांवर, वस्त्रांवरच्या नक्षीच्या रूपातही, या रंगाच्या खुणा आढळल्या.

इथे एक सावधगिरी हवी. ही पद्धत इजिप्शियन निळा आणि त्याचे अगदी जवळचे नातलग सोडून इतर रंगांबाबत मुकी आहे. गेरू, हिंगूळ, वनस्पतिजन्य लाल आणि जांभळे अशी दीप्ती देत नाहीत, आणि सेंद्रिय रंग तर सर्वांत आधी नष्ट होतात. शिवाय जो कण सापडतो तो बहुधा तळाच्या थराचा असतो. वरची छटा आणि सावल्यांचे काम केव्हाच गेलेले असते. प्रतिकृती भडक दिसतात त्याचे एक कारण मला हेच वाटते. आयरिसचा कमरपट्टा निळा होता हे आता खात्रीने सांगता येते. तिच्या वाऱ्यावर उडणाऱ्या वस्त्रावर मात्र कॅमेरा अंधारच दाखवतो, आणि त्या अंधाराचा अर्थ तिथे रंग नव्हता असा होत नाही.