कायद्याचं अक्षर कुणाचं?

नोव्हेंबर २०११ मधली गोष्ट. फ्लोरिडा राज्याच्या प्रतिनिधिगृहात रेचल बर्गिन या सदस्येनं एक ठराव दाखल केला. केंद्र सरकारनं कंपन्यांवरचा कर कमी करावा, एवढीच त्यातली मागणी. असे ठराव तिथे येतच असतात. पण याच्या सुरुवातीलाच एक वाक्य होतं: मुक्त बाजारपेठ, मर्यादित सरकार, संघराज्य आणि व्यक्तिस्वातंत्र्य ही जेफरसनची तत्त्वं पुढे नेणं हे 'अमेरिकन लेजिस्लेटिव्ह एक्स्चेंज कौन्सिल'चं ध्येय आहे. फ्लोरिडाच्या ठरावात एका खासगी संस्थेचं ध्येय कुठून आलं? ठराव त्या संस्थेच्या नमुन्यावरून उतरवला होता आणि तेवढं वाक्य काढायचं राहून गेलं होतं. बाईंनी ठराव मागे घेतला, वाक्य गाळलं आणि लगेच पुन्हा दाखल केला.

कॉपी कशी पकडायची हे कुठल्याही शाळामास्तरांना विचारा. दोन पोरांचं बरोबर उत्तर सारखं आलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. चुकीचं उत्तर सारखं आलं की दोघांनाही उभं करायचं. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचं काम जवळजवळ अर्धशतक चाललं. तिथल्या पंडितांनी बाराशेहून अधिक हस्तलिखितं ताडून पाहिली, आणि पाठचिकित्सेत हाच नियम कामी येतो. दोन पोथ्यांत तोच प्रक्षेप, म्हणजे मागाहून घुसवलेला मजकूर, किंवा तीच लेखनिकाची चूक सापडली, तर त्यांचं मूळ एक असण्याची शक्यता बळावते. बर्गिनबाईंचं ते वाक्य म्हणजे लेखनिकाची चूकच.

पण इतकी ढळढळीत चूक क्वचितच सापडते. अमेरिकेच्या पन्नास राज्यांत दरवर्षी हजारो विधेयकं मांडली जातात. त्यातली कुठली आमदारानं लिहिली आणि कुठली दुसऱ्यानं लिहून दिली, हे वाचून ठरवायला किती माणसं लागतील? इथे जीवशास्त्रज्ञांचं एक जुनं हत्यार उपयोगी पडलं. त्याकडे येण्याआधी ही नमुना विधेयकं लिहितं कोण, ते पाहू.

वर उल्लेख आलेली संस्था 'अ‍ॅलेक' या लघुनावानं ओळखली जाते. १९७३ मध्ये तिची स्थापना झाली. राज्यांचे आमदार नाममात्र वर्गणी भरून तिचे सदस्य होतात, कंपन्या आणि व्यापारी संघटना हजारो डॉलर भरून. दोघे एकाच समितीत बसतात, मसुद्यावर दोघेही मतदान करतात. मंजूर झालेला मसुदा घेऊन आमदार आपापल्या राज्यात परततो. राज्याच्या नावाची जागा कोरीच असते. २०११ च्या जुलैत असे आठशेहून अधिक मसुदे बाहेर फुटले, तोवर बहुतेक मतदारांना ही व्यवस्था ठाऊकही नव्हती. हे काम फक्त उजव्यांचं आहे असं मात्र नाही. उदारमतवादी गट आणि निरनिराळे उद्योगही आपापले मसुदे वाटतात.

आमदार ते का घेतात? आळस हे उत्तर मला अपुरं वाटतं. न्यू हॅम्पशायरच्या कनिष्ठ सभागृहात चारशे सदस्य आहेत आणि त्यांचं वर्षाचं मानधन शंभर डॉलर. टेक्सासचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, १४० दिवसांसाठी भरतं. अशा ठिकाणी निवडून आलेला माणूस पोटापाण्यासाठी दुसरं काम करतो. त्याच्या हाताखाली ना वकील, ना संशोधक. कायद्याची भाषा लिहिणं तर सोन्याच्या काट्यावर तोलण्याचं काम. अशा वेळी कुणी तयार मसुदा, त्यावरचे मुद्दे आणि तज्ज्ञांची भाषणं ताटात वाढून दिली, तर तो नाही का म्हणेल? राज्यशास्त्रज्ञ अलेक्झांडर हर्टेल-फर्नांडेझ यांच्या २०१४ च्या अभ्यासातही हेच दिसलं: ज्या आमदारांकडे साधनं आणि अनुभव कमी, ते अ‍ॅलेकच्या मसुद्यांवर जास्त विसंबतात.

ताटात काय वाढलं आहे हे मात्र नावावरून कळत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसचं उदाहरण घ्या. त्याच्या धुळीनं मेसोथेलिओमा हा कर्करोग होतो, तोही अनेकदा तीस-चाळीस वर्षांनी. अ‍ॅस्बेस्टॉस बनवणाऱ्या अनेक कंपन्या दिवाळखोरीत गेल्या आणि भरपाईसाठी त्यांचे निधी स्थापन झाले; काही कंपन्यांवर अजून खटले चालतात. 'अ‍ॅस्बेस्टॉस दावे पारदर्शकता' अशा नावाचं नमुना विधेयक आलं आणि २०१२ मध्ये ओहायोनं त्या धर्तीचा कायदा सर्वांत आधी केला. नाव वाचून वाटावं की कंपन्यांना काही उघड करावं लागणार. प्रत्यक्षात उघड करायचं ते रुग्णानं: कुठल्या निधीकडे कोणता दावा केला, त्याची कागदपत्रं आधी द्यायची, मग खटला पुढे सरकणार. दुहेरी भरपाई टळावी म्हणून हे, असं समर्थक सांगतात. या आजारात निदानानंतर रुग्ण बहुधा वर्ष-दीड वर्षच जगतो. त्याला कागदांसाठी काही महिने थांबवणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

आता ते हत्यार. १९८१ मध्ये टेंपल स्मिथ आणि मायकेल वॉटरमन यांनी एक रीत मांडली. दोन प्रथिनांच्या किंवा डीएनएच्या लांबलचक साखळ्यांत बाकी सगळं वेगळं असलं, तरी कुठे तरी एखादा तुकडा सारखा आहे का, हे शोधण्यासाठी ती होती. जीवशास्त्रातली अडचण विधेयकांसारखीच आहे. तुकडा हुबेहूब सारखा नसतोच. मध्ये एखादं अक्षर बदललेलं असतं, एखादं गळलेलं, एखादं घुसलेलं.

रीत कागदावर करून पाहता येते. अक्षरांऐवजी शब्द घेऊ. एका मसुद्यात आहे, 'भरपाई मागणाऱ्याने तीस दिवसांच्या आत सर्व दावे उघड करावेत'. दुसऱ्यात, 'भरपाई मागणाऱ्याने नव्वद दिवसांच्या आत सर्व संबंधित दावे उघड करावेत'. शब्द जुळला की दोन गुण, वेगळा निघाला की एक वजा, जास्तीचा घुसला की एक वजा. आठ शब्द जुळले, सोळा गुण. तीस-नव्वदचा एक गेला, 'संबंधित'चा एक गेला. उरले चौदा. खुबी पुढे आहे: बेरीज शून्याखाली कधीच जाऊ द्यायची नाही. ती शून्यावर आली की मागचं विसरून नव्यानं मोजायला सुरुवात. त्यामुळे ऐंशी पानांच्या विधेयकात दडलेला अर्ध्या पानाचा उसना तुकडाही, आजूबाजूच्या असंबद्ध मजकुराखाली न दबता, डोकं वर काढतो.

२०१५ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या एका तरुण चमूनं हीच रीत पाच लाखांहून अधिक विधेयकांना लावली. समोर दोन हजारांहून अधिक नमुने. म्हणजे शंभर कोटींवर जोड्या, आणि एका मसुद्याचे शब्द आडवे, दुसऱ्याचे उभे मांडून ताडायचं, तर पाच हजार शब्दांच्या दोन मसुद्यांसाठी तक्त्यात अडीच कोटी चौकटी! म्हणून आधी साध्या शोधयंत्रानं प्रत्येक विधेयकाला जवळचे वाटणारे थोडे मसुदे निवडायचे आणि काटेकोर ताडणी फक्त त्यांचीच करायची. यात विस्कॉन्सिनचं २०१५ चं गर्भपातविषयक विधेयक लुइझियानाच्या २०१२ च्या विधेयकाशी परिच्छेदामागून परिच्छेद जुळलं.

गंमत म्हणजे पहिला अडथळा साध्या सरकारी भाषेचा असतो. आपल्याकडे जसं 'संक्षिप्त नाव व प्रारंभ' हे कलम अधिनियमामागून अधिनियमात असतं, तसं तिथे 'एखादी तरतूद अवैध ठरल्यास उरलेल्या कायद्याला बाध येणार नाही' हे वाक्य जागोजागी. यंत्राच्या लेखी ही कॉपीच. डीएनएतही पुन्हा पुन्हा येणारे निरर्थक वाटणारे पट्टे असतात. जीवशास्त्रज्ञ ते आधी झाकून टाकतात, तशीच ही ठरीव वाक्यं बाजूला काढावी लागतात.

२०१९ मध्ये 'यूएसए टुडे', 'अ‍ॅरिझोना रिपब्लिक' आणि 'सेंटर फॉर पब्लिक इंटिग्रिटी' यांनी अशीच संगणकीय ताडणी करून जवळजवळ दहा लाख विधेयकं तपासली. आठ वर्षांत नमुन्यावरून जवळपास जशीच्या तशी उतरवलेली दहा हजारांहून अधिक निघाली. त्यातल्या २,१०० हून अधिकांचे कायदे झाले. आकडा मोठा आहे, पण त्याला दुसरी बाजूही आहे. संशोधक मॉली जॅकमन यांनी २०११-१२ मध्ये अ‍ॅलेकच्या नमुन्यांवरून मांडलेली १३२ विधेयकं मोजली, तेव्हा कायदा झाला तो फक्त १२ चा.

शिवाय गुण जुळले म्हणून बाणाची दिशा कळत नाही. धोका वाटल्यास माघार न घेता बळ वापरण्याची मुभा देणारा कायदा फ्लोरिडानं २००५ च्या एप्रिलमध्ये केला. बंदूकधारकांच्या संघटनेनं तो रेटला होता. अ‍ॅलेकनं त्याचा नमुना त्यानंतर, त्याच वर्षी स्वीकारला, आणि मग तो राज्याराज्यांत पसरला. म्हणजे इथे नमुनाच आधी कायद्यावरून उतरवलेला. तारखा हाताशी नसत्या, तर यंत्रानं उलटंच सांगितलं असतं. २०१२ मध्ये फ्लोरिडातच ट्रेव्हॉन मार्टिन या सतरा वर्षांच्या मुलाला गोळी घातली गेली, तेव्हा या कायद्याची देशभर चर्चा झाली. कोका-कोलासारख्या बड्या कंपन्यांनी अ‍ॅलेक सोडली, आणि हा नमुना मंजूर करणारी समितीच संस्थेनं मोडीत काढली.

मला स्वतःला बाहेरच्यानं मसुदा लिहिण्यात गैर वाटत नाही. १८९२ पासून अमेरिकेत 'युनिफॉर्म लॉ कमिशन' राज्यांसाठी नमुना कायदे लिहितं, उघडपणे आणि स्वतःच्या नावानं. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायद्याचा मसुदा अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या चळवळीतूनच आला. वर्षानुवर्षं तो रखडला, बदलला, त्यातली कलमं गळली. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाल्यावर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. मूळ मसुदा आणि मंजूर कायदा स्मिथ-वॉटरमनच्या तक्त्यात घातले, तर गुण पुष्कळ घसरलेले दिसतील. तरी तो कुणाच्या अक्षरातला, हे गावोगावच्या विरोधकांनाही तोंडपाठ होतं.